काटा, टेप आणि आरसा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीच्या वर्गाचे प्रात्यक्षिक चालू होते. व्हर्नियर कॅलिपरने नळकांड्याचा व्यास मोजण्याचा साधाच प्रयोग होता. मागच्या टेबलावरची एक विद्यार्थिनी एकाएकी स्टुलावर बसली आणि तिने डोके टेबलावर टेकले. तिला पंख्याखाली बसवले, पाणी दिले, तेव्हा कळले की आदल्या दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हते. प्रयोगशाळेतल्या मामांनी चहा आणि बिस्किटे आणली. ती खात असताना माझी नजर तिच्या प्रयोगवहीच्या मागच्या पानावर गेली. तेथे एक आलेख होता. आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर स्वतःचे वजन. आलेख मोठ्या काळजीने काढला होता, पण त्याची रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती.

"सर, मी जवळजवळ काहीच खात नाही, तरी काल वजन वाढलं. आरशात तर काडीचाही फरक दिसत नाही. आता आणखी काय सोडू?" तिने विचारले.

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे पहिले उत्तर भौतिकशास्त्राचे नव्हतेच. ते 'आधी पोटभर जेव' एवढेच होते आणि तेच मी दिले. पण तिच्या प्रश्नात मापनाची एक मोठी गफलत दडलेली होती, आणि तीच गफलत चाळिशी ओलांडलेल्या, पंधरावीस वर्षे विद्यार्थ्यांना मापनातील त्रुटी शिकवणाऱ्या माझ्याही हातून झाली होती. ती कोणती, हे आज आपण पाहू.

माझी वही

दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली आढळली. माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आतच मधुमेह जडला आणि त्यात त्यांची दृष्टी गेली. त्यामुळे डॉक्टरांना मला फार समजवावे लागले नाही. त्या वेळी माझे वजन ८२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर आणि कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी दिवसाच्या पाच कप चहांतली साखर सोडली, कॅन्टीनमधला वडापाव सोडला, रात्रीचा भात अर्धा केला आणि रोज चार किलोमीटर चालू लागलो. वीस आठवड्यांनी वजन ७४ किलो आणि घेर ९० सेंटिमीटर झाला.

हे वाचायला सोपे वाटते. पण त्या वीस आठवड्यांतले पहिले सहा मी रोज सकाळी काट्यावर उभा राहून कधी आनंदी, कधी उदास होत घालवले. सोमवारी अर्धा किलो कमी झाले की छाती फुगे, मंगळवारी ते परत आले की वाटे, सगळे व्यर्थ आहे. शेवटी एक दिवस मी स्वतःलाच विचारले, "अरे, तू भौतिकशास्त्राचा अध्यापक ना? मग या मापनात त्रुटी किती, हे कधी पाहिलेस?"

काटा काय सांगतो?

आकडेमोड अगदी साधी आहे. वीस आठवडे म्हणजे १४० दिवस. ८ किलोंना १४० ने भागले तर दिवसाला सरासरी सुमारे ५७ ग्रॅम येतात. आता घरातला काटा पाहा. त्याचे लघुतम माप आहे १०० ग्रॅम. म्हणजे मला जो बदल रोज पाहायचा होता, तो काट्याच्या लघुतम मापाच्याही आत होता! मिलिमीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजण्याचाच हा प्रकार.

काटा अचूक असता तरी अडचण संपत नव्हती. शरीराचे वस्तुमान दिवसभर बदलत असते. (बोलण्यात आपण 'वजन' म्हणतो, भौतिकशास्त्रात वजन हे बल आहे. या लेखात रूढ शब्दच वापरू.) पेलाभर पाणी प्यायले की काटा २०० ग्रॅमने चढतो. जेवण, लघवी, शौच, घाम या प्रत्येकाने तो हलतो. मिठाचा परिणाम तर आणखी गमतीचा आहे. आपल्या रक्तात व पेशींबाहेरील द्रवात क्षारांचे प्रमाण ठरावीक राहते. दवाखान्यात शिरेवाटे देतात त्या सलाइनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, ते याच हिशेबाने. म्हणून एखाद्या दिवशी पापड, लोणचे, फरसाण यांतून नेहमीपेक्षा चारपाच ग्रॅम मीठ जास्त गेले, तर ते लघवीवाटे बाहेर पडेपर्यंत त्यासोबत जवळजवळ अर्धा लिटर पाणी शरीरात थांबते. काट्यावर अर्धा किलो वाढतो, पण त्यात मेदाचा कणही नसतो.

याच्या उलट प्रकार आहाराला कात्री लावल्यावर पहिल्या आठवड्यात होतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचे पिष्ट साठवलेले असते. प्रौढ माणसात हा साठा ढोबळमानाने अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी केले की आधी हा साठा वापरला जातो व त्याचे पाणीही निघून जाते. म्हणून 'आठ दिवसांत दोन किलो' अशा जाहिराती खोट्याही नसतात आणि खऱ्याही नसतात. वजन उतरते खरे, पण उतरते ते मुख्यतः पाणी, आणि पूर्ववत जेवायला लागताच ते परत येते.

माझ्या वहीतले दोन आठवडे पाहा. पहिल्या आठवड्याच्या नोंदी किलोमध्ये अशा: ७९.४, ७९.९, ७९.२, ७९.१, ७९.६, ७८.८, ७८.९. दुसऱ्या आठवड्याच्या: ७९.३, ७८.७, ७८.९, ७९.५, ७८.६, ७८.४, ७८.७. नुसते आकडे वाचले तर काही उमजत नाही. पहिल्या आठवड्याच्या गुरुवारी ७९.१ होते आणि दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी ७९.५. म्हणजे वजन वाढले की काय? पण सात-सात नोंदींची सरासरी काढा. पहिल्या आठवड्याची ७९.२७ येते आणि दुसऱ्याची ७८.८७. फरक बरोबर ०.४० किलोचा, म्हणजे दिवसाला ५७ ग्रॅम! गोंगाटाखाली दबलेला आवाज सरासरीने ऐकू आला. प्रयोगशाळेत आपण एकच माप अनेकदा घेऊन सरासरी काढतो, ती उगाच नव्हे.

काट्यावर स्वतःला तोलण्याचा हा नाद जुना आहे. इटलीतील पाडुआ विद्यापीठात सँटोरिओ सँटोरिओ (१५६१–१६३६) नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. गॅलिलिओंचे ते समकालीन. त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तीत बसून ते स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न व बाहेर टाकलेला मळ यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवत गेले. १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता नाहीसे होते. या अदृश्य घटीला त्यांनी त्वचेवाटे होणारे सूक्ष्म बाष्पीभवन मानले. ते अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे उत्तर मिळायला ऑक्सिजनचा शोध लागावा लागला.

गेलेला मेद गेला कोठे?

हा प्रश्न तुम्ही घरी विचारून पाहा. कोणी म्हणेल, घामावाटे गेला. कोणी म्हणेल, शौचावाटे. विज्ञान शिकलेले म्हणतील, त्याची ऊर्जा झाली. शेवटचे उत्तर सर्वांत विद्वत्तापूर्ण वाटते, पण ते सर्वांत चुकीचे आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणाने हिशेब करू. एक किलो मेद जळून सुमारे ९,००० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ ३.८ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले तर वस्तुमानातली घट येते ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. मग उरलेला अख्खा किलो कोठे गेला?

उत्तर रसायनशास्त्रात आहे. आपल्या शरीरातील मेदाच्या एका नमुनेदार रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. अणुभार घालून पाहा: ८६० भाग मेद आणि २,४९६ भाग ऑक्सिजन मिळून ३,३५६. दुसऱ्या बाजूला २,४२० भाग कार्बन डाय-ऑक्साइड आणि ९३६ भाग पाणी, बेरीज पुन्हा ३,३५६. खाते चोख जुळले.

हा हिशेब २०१४ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. मीरमन हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. मेदातल्या ऑक्सिजनच्या अणूंची वाटणी लक्षात घेऊन त्यांनी दाखवले की १० किलो मेद गेला तर त्यातला ८.४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडतो आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे वजन उतरण्याचा मुख्य मार्ग नाकातून जातो! श्वास म्हणजे मंद ज्वलन, हे लाव्हाझियेने अठराव्या शतकातच दाखवले होते. पण त्याचा हा सरळ निष्कर्ष अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसल्याचे या दोघांना आढळले.

मग जोरजोरात श्वास घेतला तर मेद लवकर जाईल का? नाही. चुलीतले लाकूड जेवढे जळेल तेवढाच धूर निघणार. धुराडे रुंद केल्याने लाकूड जास्त जळत नाही. नुसता श्वास वाढवला तर चक्कर मात्र येईल. ज्वलन वाढते ते स्नायू काम करतात तेव्हा. तसेच अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून घाम गाळल्याने पाणी जाते, मेद नाही.

टेप काय सांगतो?

माझ्यातला बदल घरात प्रथम कोणाला दिसला असेल? पत्नीला नाही, मुलांना नाही आणि मलाही नाही. तो दिसला आमच्या शिंप्याला. दिवाळीसाठी पँट शिवायला टाकली, तेव्हा त्याने टेप लावला, जुने माप पाहिले आणि म्हणाला, "सर, दीड इंच उतरलात की!" डोळ्यांना जे दिसले नाही ते टेपला का दिसले? याचे उत्तर भूमितीत आहे.

शुद्ध मेदाची घनता सुमारे ०.९ आहे. म्हणून एक किलो मेदाचे आकारमान सुमारे १,१०० घन सेंटिमीटर होते. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर, म्हणजे १८,००० चौरस सेंटिमीटर असते. समजा, हा किलोभर मेद सर्वांगावरून सारखा निघून गेला. तर थराची जाडी किती कमी होईल? १,१०० भागिले १८,००० म्हणजे ०.०६ सेंटिमीटर, अर्थात ०.६ मिलिमीटर! पोस्टकार्डे दोनतीन एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढी. एक किलो उतरून आरशात काही दिसले नाही, यात नवल ते काय?

पण टेप जाडी मोजत नाही, परीघ मोजतो. त्रिज्या ०.६ मिलिमीटरने घटली तर परीघ २ × ३.१४ × ०.६, म्हणजे जवळजवळ ३.८ मिलिमीटरने घटतो. परिघात त्रिज्येतला बदल सहापटीहून अधिक मोठा होऊन उमटतो. टेप म्हणजे एक प्रकारचा विवर्धकच.

प्रत्यक्षात मेद सर्वांगावरून सारखा जात नाही. कोठून आधी आणि कोठून मागाहून जाईल, हे आनुवंशिकता, लिंग आणि वय यांवर ठरते, आपल्या इच्छेवर नाही. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू बळकट होतात. पण पोटावरचाच मेद निवडून जळेल असे होत नाही, कारण मेद रक्तावाटे सगळ्या शरीराला पुरवला जातो.

माझ्या धडाचा हिशेब करून पाहू. धडाचा कमरेजवळचा ४० सेंटिमीटर उंचीचा भाग एक वृत्तचिती मानू. घेराचा वर्ग गुणिले उंची भागिले ४ × ३.१४ हे तिचे आकारमान. घेर ९८ चा ९० झाला तेव्हा आकारमान सुमारे ४,८०० घन सेंटिमीटरने घटले. ०.९ ने गुणले तर ४.३ किलो येतात. म्हणजे गेलेल्या आठ किलोंपैकी निम्म्याहून थोडे अधिक एकट्या धडावरून गेले. उरलेले चेहरा, मान, हात, मांड्या यांवरून आणि काही अंशी पाण्याच्या व स्नायूंच्या रूपाने गेले. माणूस काही वृत्तचिती नाही, हे मला मान्य आहे. तरी अंदाज म्हणून एवढे पुरे.

आरसा का गप्प बसतो?

आता आरशाकडे वळू. मी समोरून पाहिला तर कमरेची रुंदी ३१ सेंटिमीटरच्या आसपास. घेर १४० दिवसांत ८ सेंटिमीटर घटला, तेव्हा रुंदी रोज सरासरी ०.१८ मिलिमीटरने घटत होती. म्हणजे आजची रुंदी आणि कालची रुंदी यांत सतराशेमध्ये एक एवढाच फरक.

जर्मनीतील लाइपझिगचे शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की हाताने उचललेल्या दोन वजनांतला फरक जाणवायला तो मूळ वजनाच्या साधारण चाळिसाव्या भागाइतका तरी असावा लागतो. ४०० ग्रॅमच्या वजनात १० ग्रॅमची भर कळते, ४ किलोंच्या वजनात तीच १० ग्रॅम कळत नाहीत. म्हणजे जाणीव फरकावर नाही, तर फरकाच्या मूळ मापाशी असलेल्या प्रमाणावर अवलंबून असते. डोळा हाताहून तीक्ष्ण आहे. दोन रेषा शेजारी ठेवल्या तर शंभरात एक एवढा फरकही तो ओळखू शकतो. पण सतराशेत एक? आणि तेही कालच्या आठवणीशी ताडून? अशक्य! त्यात आठवण रोज नवी होते. आज आरशात जे पाहिले तेच उद्याचे मूळ माप बनते.

म्हणूनच रोज पाहणाऱ्या घरच्यांना काही कळले नाही. आमचे एक सहकारी प्रशिक्षणासाठी तीन महिने परगावी गेले होते. ते परतले आणि मला पाहताच दचकून म्हणाले, "अहो, चेहरा किती उतरलाय! आजारी होतात का?" त्यांच्या आठवणीतला मी तीन महिन्यांपूर्वीचा होता. तेवढ्या काळात रुंदीतला फरक साचत साचत १६ मिलिमीटर, म्हणजे विसात एक झाला होता. तो त्यांच्या डोळ्यांनी सहज टिपला. आपल्याकडे वजन उतरले की अभिनंदनाआधी 'वाळलास रे' हे ऐकावे लागते, ते वेगळेच!

चेहऱ्याबाबत तर प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या डॅनियल री आणि निकोलस रूल यांनी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, किती फरक पडला म्हणजे तो ओळखू येतो, हे तपासले. २०१५ मध्ये त्यांनी सांगितलेले उत्तर असे: मध्यम उंचीच्या स्त्रीचे वजन सुमारे साडेतीन किलोंनी आणि पुरुषाचे सुमारे चार किलोंनी बदलले, तर ते चेहऱ्यावर दुसऱ्याला दिसते. त्याआधी नाही.

आत काय घडते?

बाहेरून दिसणारा बदल उशिरा येतो. पण आत काय घडत असते? मेद विशिष्ट पेशींमध्ये थेंबांच्या रूपाने साठवलेला असतो. वजन घटते तेव्हा या पेशी नाहीशा होतात की नुसत्या आक्रसतात? या प्रश्नाचे उत्तर अणुबाँबमुळे मिळाले, हे सांगितले तर तुम्हांला खरे वाटणार नाही. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतील कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींच्या जनुकद्रव्यात जातो. म्हणून पेशीतील कार्बन-१४ चे प्रमाण पाहून तिचे जन्मसाल सांगता येते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील कर्स्टी स्पाल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या युक्तीने दाखवले की मेदपेशींची संख्या प्रौढपणी जवळजवळ स्थिर राहते. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पुष्कळ वजन घटले तरी संख्या घटत नाही, पेशी फक्त लहान होतात. पोती तेवढीच, पण रिकामी होत जातात.

आणि सगळाच मेद त्वचेखाली नसतो. काही यकृतात आणि आतड्यांभोवती साठतो. मधुमेहाच्या दृष्टीने तोच अधिक घातक, आणि आरसा त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची छायाचित्रे छापली. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्यात तो ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला! सारखा आकडा, पण शरीरे निराळी. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का होतो, याचा एक धागा येथे मिळतो.

माझ्याबाबतीत दहाव्या आठवड्याला रक्त तपासले, तेव्हा साखर बऱ्याच अंशी उतरलेली होती. आरशात मात्र मला तोवर काहीच दिसत नव्हते. मी आरशावर विसंबून प्रयत्न सोडून दिला असता, तर? हा विचार आजही मनात येतो.

एक इशारा

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. 'आणखी काय सोडू?' असे तिने विचारले होते. याचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, अन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले. पण दिसणारे बदल काय होते? केस गळू लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, शक्ती ओसरली, चिडचिड व उदासपणा वाढला, आणि मनात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला. काहींच्या पायांवर पाणी साचून सूज आली. शरीर खंगत असताना काटा मात्र पाण्यामुळे 'वजन कमी झाले नाही' असे सांगत होता!

हे प्रौढ पुरुषांचे झाले. तुमच्या वयात तर हाडे लांब होत असतात, स्नायू बनत असतात, रक्त वाढत असते. या वयात वजन वाढणे हा दोष नाही, ती वाढच आहे. म्हणून मित्रहो, मनाने उपाशी राहणे, जेवण टाळणे, रोज काट्यावर उभे राहणे हे करू नका. वजनाची खरोखर शंका असेल, तर डॉक्टर उंची, वय आणि वाढीचा तक्ता पाहून सांगतील. आणि शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात कोणाच्या जाडीवर झालेला विनोद आपण हसण्यावारी नेतो, तो एखाद्या वहीच्या मागच्या पानावर आलेख होऊन बसलेला असतो.

तिच्या परवानगीने मी तिच्या आईंना बोलावून घेतले. त्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. उंचीच्या मानाने तिचे वजन आधीपासून योग्यच होते! रक्तातले हिमोग्लोबिन मात्र कमी होते. त्यावर उपचार झाले, डबा पुन्हा सुरू झाला. प्रयोगवही तपासायला आली तेव्हा मागचे ते पान तिने स्वतःच फाडून टाकलेले होते. साध्या लंबकाचा आलेख मात्र उत्तम आला होता. मी त्याला पूर्ण गुण दिले.

करून पाहा

१. चुन्याच्या निवळीत नळीने हळूच फुंका. ती दुधाळ होते. हा तुमच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड. (निवळी तोंडात जाऊ देऊ नका.)

२. एका बाटलीभोवती जाड कागदाचे दहा वेढे घट्ट गुंडाळा. दर वेढ्यानंतर दोऱ्याने परीघ मोजा. डोळ्यांना फरक कितव्या वेढ्याला दिसला आणि दोऱ्याला कितव्या?

सोडवून पाहा

१. ८० किलोंचा माणूस ३ मीटर उंचीचा एक मजला चढतो. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास किती किलोकॅलरी खर्च होतील? शरीरातील एक किलो मेद-ऊतीत ७,७०० किलोकॅलरी असतात, असे धरून तेवढ्यासाठी किती मजले चढावे लागतील?

२. एका माणसाचा घेर ७० सेंटिमीटर व दुसऱ्याचा ११० सेंटिमीटर आहे. दोघांचीही त्रिज्या १ सेंटिमीटरने घटली. कोणाचा घेर अधिक कमी होईल?

३. एक किलो मेद पूर्ण जळायला किती किलो ऑक्सिजन लागेल?

(उत्तरे: १. सुमारे २.२५ किलोकॅलरी, सुमारे ३,४०० मजले. २. दोघांचाही सारखाच, ६.२८ सेंटिमीटरने. ३. सुमारे २.९ किलो.)